डोमेन कुठून घ्यावं: पहिल्या वर्षाचा भाव बाजूला ठेवून रजिस्ट्रार कसा पारखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आणि सोबत एखाद-दोन नव्या एक्स्टेन्शनची (डॉट शॉपसारख्या शेवटाची) नावं घ्यायची आहेत. तीन-चार रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्यांच्या, साइट्स समोर आहेत. एकाकडे पहिलं वर्ष जवळपास फुकट, दुसऱ्याकडे त्याच नावाला दहापट भाव. सपोर्ट कुणाचा बरा, वापरायला सोपं कोण आणि निवड नेमकी कशावरून करायची?

माझं उत्तर आधीच सांगतो. दोन गोष्टी बघा: नूतनीकरणाचा दर, आणि उद्या सोडून जायचं ठरवलं तर वाट किती मोकळी आहे. या दोन कसोट्यांवर जो उतरतो तो बाकी बाबतीतही बहुधा ठीक असतो. जो उतरत नाही त्याचा पहिल्या वर्षाचा भाव कितीही कमी असला तरी तिकडे जाऊ नका. वीस-पंचवीस हजार पानांची साइट असो वा एका पानाची, नाव हातातून गेलं की ईमेल, ग्राहक आणि सर्च इंजिनमधली जागा सगळं एकदम जातं. म्हणून हा निर्णय घाईत कार्ट भरून घेण्याचा नाही.

आधी किंमत. ती बनते कशी हे कळलं की जाहिरातींचा अर्धा गोंधळ मिटतो. रजिस्ट्रार हा मधला विक्रेता आहे. नावांची मूळ नोंदवही रजिस्ट्रीकडे असते, आणि डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही कंपनी चालवते. ती प्रत्येक रजिस्ट्रारकडून एका नावाचे वर्षाला ठरावीक पैसे घेते, मग तो रजिस्ट्रार मोठा असो की छोटा. हा घाऊक दर २०१२ पासून बरीच वर्षं ७.८५ डॉलरवर थांबलेला होता. २०२१ मध्ये तो ८.३९ झाला, २०२२ मध्ये ८.९७, २०२३ मध्ये ९.५९ आणि १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर. त्यावर आयकॅनचं, म्हणजे डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, शुल्क येतं. ते पूर्वी वर्षाला १८ सेंट होतं, जुलै २०२५ पासून २० सेंट आहे. म्हणजे या दरांनी रजिस्ट्रारला एक डॉट कॉम साडेदहा डॉलरच्या आसपास पडतं.

आता कुणी तेच नाव एका डॉलरला देत असेल तर ती कंपनी पहिल्या वर्षी खिशातून साडेनऊ डॉलर घालते आहे. ते पैसे ती कुठून तरी वसूल करणार, आणि ती जागा म्हणजे दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किंवा कार्टमध्ये चिकटवलेल्या जादा सेवा. उदाहरण म्हणून धरा, एकाकडे पहिलं वर्ष १ डॉलर आणि पुढे दरवर्षी २२, दुसऱ्याकडे सगळी वर्षं ११. पाच वर्षांत पहिल्याकडे ८९ डॉलर जातात, दुसऱ्याकडे ५५. स्वस्त वाटलेलं नाव दुसऱ्याच वर्षी महाग ठरलेलं असतं. म्हणून तुलना करताना निदान पाच वर्षांची बेरीज करा. नूतनीकरणाचा दर दरपत्रकाच्या पानावर सहज सापडत नसेल, त्यासाठी लॉगिन करावं लागत असेल किंवा कार्टपर्यंत जावं लागत असेल, तर त्या कंपनीबद्दल तेवढी माहिती पुरेशी आहे.

डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. सवलत बहुतेक वेळा पहिल्याच वर्षाला लागू असते, पुढची वर्षं पूर्ण दराने मोजली जातात, तेव्हा बेरीज नीट बघा. पण ज्या नावावर तुमचं काम उभं आहे ते चार-पाच वर्षांसाठी घेऊन ठेवणं मला पटतं. मधल्या काळात घाऊक दर वाढला तरी भरलेल्या वर्षांना तो लागत नाही, आणि विसरण्याची शक्यताही कमी होते.

नव्या एक्स्टेन्शनचं गणित वेगळं आहे, आणि इथे लोक फार फसतात. डॉट कॉमचा घाऊक दर किती वाढवता येईल याला करारात मर्यादा आहे. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट ॲप यांसारख्या नव्या एक्स्टेन्शनना तशी मर्यादा नाही. रजिस्ट्रीने नूतनीकरणाचा दर वाढवण्याआधी रजिस्ट्रारना सहा महिने कळवायचं असतं, एवढंच बंधन. डॉट ऑर्गवरची मर्यादाही २०१९ मध्ये काढण्यात आली. त्यातच ‘प्रीमियम’ नावं असतात. छोटं, सुंदर नाव रजिस्ट्रीने वेगळ्या यादीत टाकलेलं असतं, आणि त्याचा वरचा दर कधी फक्त पहिल्या खरेदीला असतो, कधी दरवर्षी. हा फरक विकत घेण्यापूर्वी विचारून लेखी उत्तर घ्या. दोन अक्षरी देशांच्या एक्स्टेन्शनवर तर आयकॅनचे बरेचसे नियम लागूच होत नाहीत. प्रत्येकाची रजिस्ट्री आपले नियम ठरवते. डॉट एआय हे अँग्विला बेटाचं एक्स्टेन्शन, ते एका वर्षासाठी मिळतच नाही, किमान दोन वर्षांचे पैसे भरावे लागतात. मी खाली ट्रान्सफर (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं) आणि मुदत संपण्याबद्दल जे सांगतो ते डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग आणि नव्या सर्वसाधारण एक्स्टेन्शनबद्दल आहे हे ध्यानात ठेवा.

कार्टमधल्या जादा वस्तूंबद्दल थोडक्यात. गोपनीयतेसाठी वेगळे पैसे देऊ नका. २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला तेव्हापासून नोंदणीदाराचं नाव-पत्ता सार्वजनिक नोंदीत बहुतेक ठिकाणी झाकलेलाच असतो, आणि नेमचीप, पोर्कबन, क्लाउडफ्लेअर यांसारखे रजिस्ट्रार गोपनीयता फुकट देतात. साइटचं कनेक्शन सुरक्षित करणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळतं आणि बहुतेक होस्टिंगमध्ये (साइटच्या फाइल्स ठेवण्याच्या सेवेत) ते आपोआप बसतं. ‘डोमेन सुरक्षा’ नावाच्या पॅकेजमध्ये पुष्कळदा तेच ट्रान्सफर लॉक (नाव परस्पर हलवू न देणारं कुलूप) असतं जे सगळीकडे मुळातच मिळतं. आधीच टिक केलेल्या चौकटी एकेक करून काढा आणि मग एकूण रक्कम बघा.

सपोर्टकडे येऊ. रजिस्ट्रारच्या सपोर्टची खरी गरज वर्षानुवर्षं पडत नाही. पडते ती तीन वेळा: खात्यात शिरता येत नाही, ट्रान्सफर अडकलं आहे, किंवा नावाची मुदत संपून गेली आहे. तिन्ही वेळा घड्याळ पुढे धावत असतं. म्हणून ‘चोवीस तास चॅट’ हे वाक्य वाचून समाधान मानू नका. समोरच्या माणसाला खात्यात काही करण्याचा अधिकार आहे का, की तो फक्त मदतीच्या पानांच्या लिंक पाठवतो, हे महत्त्वाचं.

हे विकत घेण्याआधीच तपासता येतं. सपोर्टला तीन प्रश्न पाठवा. नाव रिडेम्प्शनमध्ये (मुदत संपून डिलीट झाल्यानंतरच्या काळात) गेलं तर परत मिळवायला एकूण किती पैसे लागतात? ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा पासवर्ड) मला स्वतःला खात्याच्या पॅनेलमधून काढता येतो का, की सपोर्टला तिकीट (लेखी विनंती) टाकावं लागतं? खात्याचा ईमेल आणि फोन दोन्ही हातातून गेले तर मालकी सिद्ध करायला कोणती कागदपत्रं मागता? चांगल्या कंपनीकडून आकड्यासह, नेमकं उत्तर येतं. वाईट कंपनीकडून ‘आमच्या सेवांमध्ये रस दाखवल्याबद्दल धन्यवाद’ येतं. तिसऱ्या प्रश्नाला ‘काही काळजी करू नका, चॅटवर या, लगेच करून देऊ’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. तुमच्यासाठी खातं इतक्या सहज उघडणारा माणूस चोरासाठीही तितक्याच सहज उघडेल. या एका बाबतीत सपोर्ट थोडा कडक असणंच चांगलं.

तुम्ही ज्याच्याकडून घेता तो खरा रजिस्ट्रार आहे का, हेही बघा. अनेक होस्टिंग कंपन्या आणि वेब डिझायनर रीसेलर, म्हणजे दुसऱ्या रजिस्ट्रारची नावं पुढे विकणारे, असतात. मागे टुकाऊज किंवा इनॉमसारखा घाऊक रजिस्ट्रार असतो. रीसेलर वाईट असतो असं नाही, पण तो गायब झाला तर तुम्हाला मागच्या रजिस्ट्रारकडे जावं लागतं आणि तो तुम्हाला ओळखत नसतो. रजिस्ट्रारचं नाव सार्वजनिक नोंदीत दिसतं. पूर्वी ती नोंद हूइज नावाच्या सेवेतून बघायचो, जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण एक्स्टेन्शनसाठी तिची जागा आरडॅपने घेतली आहे. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की रजिस्ट्रार, मुदत आणि लॉकची स्थिती लगेच कळते. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय नावाच्या रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने काढून घेतली तेव्हा असंख्य ग्राहकांची नावं अधांतरी लटकली आणि शेवटी ती गोडॅडीकडे वळवावी लागली. त्यानंतर रजिस्ट्रारांनी ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्या पक्षाकडे ठेवण्याचा नियम गांभीर्याने अमलात आला. ही प्रत मान्यताप्राप्त रजिस्ट्रारच्या नोंदींची असते. त्या नोंदीत तुमच्याऐवजी डिझायनरचं नाव असेल तर तिचा तुम्हाला काही उपयोग नाही.

हा मुद्दा मी कळकळीने सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या अडचणींत सगळ्यात जास्त हीच असते. संस्थेची साइट बनवणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. काही वर्षांनी तो फोन उचलत नाही, किंवा पैशांवरून वाद होतो, आणि संस्थेला कळतं की कागदोपत्री नाव तिचं नाहीच. नोंदीत ‘रजिस्ट्रंट’ म्हणून जो आहे तोच मालक धरला जातो. पैसे कुणी भरले याने फारसा फरक पडत नाही. तेव्हा खातं तुमचं, ईमेल तुमचा, रजिस्ट्रंट तुम्ही. डिझायनरला लागेल तेवढी परवानगी त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर द्या. पासवर्ड न देता अशी वाटून परवानगी देण्याची सोय रजिस्ट्रारकडे आहे का, ही ‘वापरायला सोपं’ या सदरातली माझी पहिली कसोटी.

सोपेपणा म्हणजे देखणं पॅनेल नव्हे. रोजचं काम डीएनएसच्या (नावावरून साइट आणि मेलचा सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदींच्या) पानावर होतं, म्हणून ते पान कसं आहे ते बघा. टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो अवधी) बदलता येतो का, लांब टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड न तुटता बसतो का, सीएए (प्रमाणपत्र कुणी द्यायचं ते सांगणारा) आणि एसआरव्ही (एखाद्या सेवेचा सर्व्हर सांगणारा) रेकॉर्ड टाकता येतात का, सगळी झोन फाइल (सगळ्या रेकॉर्डची यादी) एका क्लिकवर उतरवता येते का. काही पॅनेल ‘होस्ट’च्या चौकटीत तुम्ही लिहिलेल्या मजकुराला स्वतःहून डोमेन जोडतात. ईमेल खरा असल्याची सही पडताळायला लागणारा डीकिम रेकॉर्ड टाकताना माणूस पूर्ण नाव चिकटवतो, पॅनेल पुढे तेच नाव परत लावतं, आणि मग मेल स्पॅममध्ये का जातात हे कुणाला उमगत नाही. ज्या पॅनेलमध्ये तयार झालेलं पूर्ण नाव तिथेच वाचायला मिळतं ते तुमचे तास वाचवतं. टू-फॅक्टर (पासवर्डसोबतची दुसरी खातरजमा) ॲपने किंवा हार्डवेअर की वापरून चालू करता आलं पाहिजे. फक्त एसएमएसवर भिस्त ठेवणाऱ्याकडे महत्त्वाचं नाव ठेवू नका.

आता बाहेर पडण्याची वाट. आयकॅनच्या नियमानुसार तुम्ही मागितल्यापासून पाच दिवसांत ऑथ कोड द्यावाच लागतो, आणि पुढच्या वर्षाचे पैसे भरले नाहीत म्हणून ट्रान्सफर अडवता येत नाही. नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं नाव साधारणपणे ६० दिवस हलवता येत नाही. रजिस्ट्रंटचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला तरी ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं. काही रजिस्ट्रार ते नाकारण्याचा पर्याय देतात, काही देत नाहीत. म्हणून आधी ट्रान्सफर करा, तपशील नंतर बदला. ट्रान्सफरचे पैसे म्हणजे खरं तर एका वर्षाचं नूतनीकरण असतं. डॉट कॉमची मुदत त्याने वर्षभर पुढे जाते, उरलेले महिने वाया जात नाहीत. कोड टाकल्यावर जुन्या रजिस्ट्रारने स्वतःहून मंजुरी दिली तर काम लवकर होतं, नाहीतर पाच दिवस वाट बघायची.

यात दोन खाचखळगे आहेत. तुम्ही जुन्या रजिस्ट्रारचेच नेमसर्व्हर (डीएनएसचे रेकॉर्ड पुरवणारे सर्व्हर) वापरत असाल तर नाव हललं की तो ते बंद करू शकतो आणि साइट, मेल दोन्ही ठप्प होतात. म्हणून सगळे रेकॉर्ड आधी नव्या जागी उभे करा, नेमसर्व्हर बदला, एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग ट्रान्सफर सुरू करा. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीची खूण) काढून त्याचा टीटीएल संपू द्या. दुसरा खळगा पैशांचा. मुदत संपल्यावर जुन्याकडे नूतनीकरण केलं आणि ४५ दिवसांच्या आत नाव हलवलं तर ते भरलेलं वर्ष पुढे जमा होत नाही. हलवायचं असेल तर मुदतीच्या दोन-एक महिने आधी हलवा.

मुदत संपल्यावर काय होतं हेही रजिस्ट्रारगणिक बदलतं. नियमाने मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत अशी सूचना पाठवावी लागते. त्यानंतरची सवलतीची मुदत ४५ दिवसांपर्यंत असू शकते, पण ती किती द्यायची हे रजिस्ट्रार ठरवतो, आणि काहीजण त्याच काळात नाव लिलावाला लावतात. नाव डिलीट झालं की ३० दिवस रिडेम्प्शन, ज्यात ते परत मिळतं पण नूतनीकरणाच्या कितीतरी पट पैसे मोजून, आणि मग ५ दिवसांनी ते कुणालाही खुलं होतं. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, कार्ड बदललं की इथे आधी बदला, आणि खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही ठेवू नका. डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि वाचवण्यासाठी लागणारी प्रत्येक सूचना नेमकी तिथेच येत असते. नवीन नोंदणीनंतर ईमेल पडताळणीची लिंक येते तीही टाळू नका; १५ दिवसांत पडताळणी झाली नाही तर नाव बंद केलं जाऊ शकतं.

आता नावं घेऊन बोलतो. क्लाउडफ्लेअर घाऊक दरातच नाव देतो, वर काही लावत नाही, आणि त्यांचं डीएनएस उत्तम आहे. अट अशी की साध्या खात्यात नेमसर्व्हर त्यांचेच वापरावे लागतात. ज्याला ते चालतं त्याच्यासाठी किमतीत याहून चांगलं काही नाही. पण हाताला धरून शिकवणारा सपोर्ट तिथे शोधू नका. पोर्कबनचे दर घाऊक दराच्या जवळपास, नूतनीकरणाचा आकडा पहिल्यापासून समोर, पॅनेल साधं. एकटा माणूस किंवा लहान संस्था यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. नेमचीपची चॅट मदत बरी आहे, मात्र पहिल्या वर्षाचं कूपन आणि पुढचा दर यांत अंतर असतं. गोडॅडी सगळ्यात मोठा. फोनवर माणूस मिळणं ही त्याची खरी जमेची बाजू, पण नूतनीकरण महाग आणि जादा सेवांचा मारा जास्त. हव्हर हा टुकाऊजचाच, थोडा महाग, पण शांत पॅनेल आणि बोलण्यासारखा सपोर्ट. तांत्रिक बाजू अजिबात नको असलेल्या माणसाला तो मानवतो.

आजचा चांगला रजिस्ट्रार उद्या तसाच राहील याची खात्री मात्र कुणी देऊ नये. फ्रान्सच्या Gandi या रजिस्ट्रारला तंत्रज्ञ लोक वर्षानुवर्षं नावाजत होते. २०२३ मध्ये ती कंपनी दुसऱ्या समूहात गेली, दर चढले आणि डोमेनसोबतचे फुकट मेलबॉक्स बंद झाले. त्याच वर्षी गूगल डोमेन्स स्क्वेअरस्पेसला विकलं गेलं आणि सुमारे १ कोटी नावं मालकांनी काही न करता दुसऱ्या कंपनीकडे गेली. जुलै २०२४ मध्ये त्या स्थलांतरित खात्यांपैकी काहींत शिरून चोरांनी क्रिप्टो कंपन्यांचे डीएनएस रेकॉर्ड बदलले. ज्यांनी नवीन खात्यात जाऊन टू-फॅक्टर लावलं नव्हतं त्यांना धोका जास्त होता. तुमचा रजिस्ट्रार विकला गेल्याची बातमी आली की त्याच दिवशी लॉगिन करून ईमेल, टू-फॅक्टर आणि लॉक तपासा.

होस्टिंगसोबत ‘फुकट डोमेन’ मिळत असेल तर ते नाकारून नाव वेगळं घ्या. दोन्ही एकाच खात्यात असलं की होस्टिंगच्या बिलावरून वाद झाला तरी खातं गोठतं आणि नावही त्यातच अडकतं. वेगळं असेल तर होस्टिंग एका संध्याकाळी बदलता येतं.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. डॉट कॉम पोर्कबनकडे तीन ते पाच वर्षांसाठी, किंवा क्लाउडफ्लेअरचे नेमसर्व्हर वापरायचे असतील तर त्यांच्याकडे. नव्या एक्स्टेन्शनच्या नावांचा नूतनीकरणाचा दर आधी दोन-तीन ठिकाणी पडताळून बघेन, आणि डॉट कॉमच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर ती घेणारच नाही. घेतल्याबरोबर त्याच दिवशी ऑटो-रिन्यू, टू-फॅक्टर आणि ट्रान्सफर लॉक चालू करून, रिकव्हरी कोड कागदावर छापून संस्थेच्या कागदपत्रांसोबत ठेवा, आणि खात्यात दुसऱ्या एका विश्वासू माणसाला त्याच्या स्वतःच्या लॉगिनने प्रवेश देऊन ठेवा.